सिझेरियन प्रसूती : पूर्वतयारी, शुश्रूषा आणि आरोग्य धोरण

माता आरोग्य हा कोणत्याही देशाच्या सामाजिक विकासाचा विश्वासार्ह निर्देशांक मानला जातो. भारतातील माता मृत्यू प्रमाण २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ होते. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये ते ९७ पर्यंत खाली आले. २०३० पर्यंत हे प्रमाण ७० च्या खाली आणणे हे शाश्वत विकासाच्या तिसऱ्या उद्दिष्टातील लक्ष्य आहे. या वाटचालीत संस्थात्मक प्रसूतीचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, देशातील निम्म्याहून कमी प्रसूती आरोग्य संस्थांत होत असत. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ८८.६ टक्के झाले.

प्रसूती घरातून रुग्णालयात आली, त्याबरोबर शस्त्रक्रियेद्वारे होणाऱ्या प्रसूतींची संख्याही वाढली. योग्य वेळी झालेली सिझेरियन शस्त्रक्रिया माता आणि बालक या दोघांचेही प्राण वाचवते. मात्र ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. तिची पूर्वतयारी, तिच्यानंतरची काळजी आणि तिची गरज ठरविण्याची पद्धत या तिन्ही बाबी नीट नसतील तर तिचे लाभ कमी होतात आणि धोके वाढतात. म्हणून या विषयाचा वैद्यकीय व धोरणात्मक अशा दोन्ही अंगांनी विचार करणे आवश्यक आहे.

संकल्पना आणि कारणे

पोट व गर्भाशयाला छेद देऊन बाळाला बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेस सिझेरियन प्रसूती म्हणतात. ज्युलियस सीझर याचा जन्म या रीतीने झाला, अशी समजूत प्रचलित आहे. परंतु सीझरची आई ऑरेलिया ही त्याच्या जन्मानंतर अनेक वर्षे हयात होती आणि त्या काळात अशा शस्त्रक्रियेनंतर माता जिवंत राहणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे ही समजूत ग्राह्य धरता येत नाही. भूल, निर्जंतुकीकरण, प्रतिजैविके आणि रक्तसंक्रमण यांचा विकास झाल्यानंतरच ही शस्त्रक्रिया सुरक्षित झाली.

शस्त्रक्रियेची कारणे दोन प्रकारची असतात. काही कारणे गरोदरपणातच लक्षात येतात. वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, मूल आडवे असणे किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण कमकुवत असणे ही त्यांची उदाहरणे होत. अशा वेळी दिवस ठरवून नियोजित शस्त्रक्रिया केली जाते. इतर कारणे कळा सुरू झाल्यावर उद्भवतात. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणे, प्रसूतीची प्रगती खुंटणे, नाळ आधी बाहेर येणे किंवा अतिरक्तस्राव होणे, अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. नियोजित शस्त्रक्रियेपेक्षा तातडीच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीची शक्यता अधिक असते. म्हणूनच जोखमीचे गरोदरपण आधी ओळखण्याला सार्वजनिक आरोग्यात महत्त्व आहे.

पूर्वतयारी : सुरुवात गरोदरपणातच

शस्त्रक्रियेची खरी तयारी शस्त्रक्रियागृहात सुरू होत नाही. ती प्रसूतिपूर्व तपासणीत सुरू होते. पाचव्या पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. नैसर्गिक प्रसूतीच्या तुलनेत शस्त्रक्रियेत रक्तस्राव सामान्यतः अधिक होतो. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिला तेवढाच रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घेण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात गरोदरपणात १८० दिवस किंवा अधिक काळ ही गोळी घेणाऱ्या मातांचे प्रमाण पाचव्या पाहणीत केवळ २६ टक्के होते. शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेचा पाया येथेच कच्चा राहतो.

प्रसूतिपूर्व काळात रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, रक्तशर्करा, लघवी आणि सोनोग्राफी या तपासण्या होणे आवश्यक असते. या दृष्टीने ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान’ महत्त्वाचे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी केली जाते. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांवर भर आणि जोखमीच्या मातांची स्वतंत्र नोंद ही त्याची वैशिष्ट्ये होत.

कुटुंबाच्या पातळीवरील तयारीही तितकीच निर्णायक असते. कोणत्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय आहे, रात्री वाहन कोठून मिळेल, रक्तदाता कोण असेल, घरातील मोठ्या मुलांकडे कोण पाहील, या प्रश्नांची उत्तरे आठव्या महिन्यापर्यंत तयार असावीत. दुर्गम भागात अंतर हाच मोठा शत्रू असतो. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ उभारण्यामागे हेच कारण होते. प्रसूतीच्या काही दिवस आधी गरोदर स्त्रीने तेथे येऊन राहावे, म्हणजे कळा सुरू झाल्यावर डोंगर व नाले पार करण्याची वेळ येत नाही, असा त्यामागील विचार आहे.

शस्त्रक्रियेचा दिवस

वैद्यकीय कारणाने घाई नसेल तर नियोजित शस्त्रक्रिया ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी करू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. शुभ मुहूर्त किंवा सोयीची तारीख पाहून प्रसूती अलीकडे ओढण्याची प्रथा म्हणूनच हितावह नाही.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी साधारणतः सहा तास घन आहार घेऊ नये. पाण्यासारखे स्वच्छ द्रव पदार्थ दोन तास आधीपर्यंत चालतात. भूल दिलेली असताना पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हा यामागील हेतू असतो. बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यात इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर केला जातो. त्यामुळे माता शुद्धीवर असते आणि बाळाचे पहिले रडणे तिला ऐकता येते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी छेद देण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते आणि मूत्राशय रिकामे राहावे म्हणून नळी घातली जाते. छेद बहुधा ओटीपोटावर आडवा असतो.

संमतिपत्र हा या टप्प्यावरील कायदेशीर व नैतिक भाग होय. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात रुग्णाची संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली, खरी संमती असली पाहिजे, असे स्पष्ट केले. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या वतीने नातेवाइकांनी दिलेली संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. शस्त्रक्रिया का करावी लागत आहे, तिचे धोके कोणते आणि पर्याय आहे किंवा नाही, हे स्त्रीला समजेल अशा भाषेत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. सही पतीची आणि शरीर पत्नीचे, ही रीत कायद्याला आणि वैद्यकीय नीतीला धरून नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस

पहिल्या चोवीस तासांत रक्तस्राव, रक्तदाब, नाडी व लघवीचे प्रमाण यांवर बारकाईने लक्ष ठेवले जाते. प्रकृती स्थिर असेल तर स्त्रीला लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांतच, आधार देऊन उठविले व चालविले जाते. गरोदरपणात व प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. दीर्घकाळ पडून राहिल्यास पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया झाली म्हणून बाळंतिणीला अनेक दिवस अंथरुणावरून हलू न देणे या दृष्टीने अपायकारक आहे.

स्तनपानाविषयीही गैरसमज आढळतात. शस्त्रक्रियेनंतर दूध येत नाही किंवा भुलेच्या औषधांमुळे ते बाळाला बाधते, या समजुतीने बाळाला मध, साखरेचे पाणी अथवा वरचे दूध दिले जाते. वस्तुतः आईच्या कमरेखालचा भाग बधिर असला तरी मदत मिळाल्यास ती पहिल्या तासात बाळाला पाजू शकते. वेदनाशामक औषधेही स्तनपानाला चालतील अशीच निवडता येतात. पाचव्या पाहणीनुसार देशातील केवळ ४१.८ टक्के बालकांना जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळाले होते. शस्त्रक्रियेनंतर उशीर होण्याची शक्यता अधिक असल्याने अशा मातांकडे परिचारिकांनी विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते. टाक्यांवर भार येऊ नये यासाठी कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजण्याची पद्धत सोयीची असते.

घरी परतल्यानंतर

त्वचेचा व्रण काही दिवसांत भरून आलेला दिसतो. आतील थर भरून येण्यास मात्र अनेक आठवडे लागतात. म्हणून साधारणतः सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा अधिक ओझे उचलू नये, असा सल्ला दिला जातो. पाण्याचे हंडे, सरपणाची मोळी किंवा शेतातील वाकून करायची कामे या काळात वर्ज्य मानली पाहिजेत. ज्या घरात पाणी लांबून आणावे लागते, तेथे हा सल्ला केवळ स्त्रीला देऊन भागत नाही. तो घरातील पुरुषांनाही द्यावा लागतो. जखम स्वच्छ व कोरडी ठेवणे पुरेसे असते. तिच्यावर हळद, तेल, राख अथवा पाल्याचा लेप लावू नये.

आहाराबाबत पथ्याच्या नावाखाली डाळी, पालेभाज्या, फळे व पाणी तोडणे हानिकारक आहे. जखम भरून येण्यास प्रथिने लागतात, रक्त भरून निघण्यास लोह लागते आणि बद्धकोष्ठता टाळण्यास तंतुमय पदार्थ व भरपूर पाणी लागते. लोहाच्या गोळ्यांबरोबरच कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने चालू ठेवणे अपेक्षित आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे : अंगावरून अतिरिक्त रक्त जाणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, ताप व थंडी, जखम लाल होऊन तिच्यातून पू येणे, एका पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे अथवा झटके. याशिवाय दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासीनता, झोप न लागणे व बाळाविषयी अनास्था ही मानसिक आजाराची चिन्हे असू शकतात. त्यांना ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून दुर्लक्षू नये.

या टप्प्यावर आशा कार्यकर्तीची भूमिका महत्त्वाची असते. २०११ पासून राबविल्या जाणाऱ्या गृहाधारित नवजात बालक काळजी कार्यक्रमात संस्थात्मक प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. सिझेरियन झालेली माता तिसऱ्या दिवशी बहुधा रुग्णालयातच असते. म्हणून तिच्याबाबतीत सातव्या दिवसापासून पाच भेटी धरल्या जातात. नावात बालक असले तरी या भेटींत मातेच्या धोक्याच्या लक्षणांचीही विचारणा केली जाते.

पुढील गरोदरपणाचा विचार

शस्त्रक्रियेचे काही परिणाम पुढच्या गरोदरपणात दिसतात. व्रण असलेल्या गर्भाशयात वार खोलवर चिकटण्याची शक्यता प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढत जाते. दोन प्रसूतींमध्ये पुरेसे अंतर असणे यासाठी आवश्यक आहे. पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दीड ते दोन वर्षे थांबण्याचा सल्ला दिला जातो. ‘एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन’ हा समज मात्र सरसकट खरा नाही. योग्य निवड केलेल्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास सुमारे ६० ते ८० टक्के प्रकरणांत तो यशस्वी होतो. व्रण फाटण्याचा धोका थोडा, परंतु गंभीर असतो. म्हणून असा प्रयत्न तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावा. पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवणे या निर्णयासाठी उपयुक्त ठरते.

अति आणि अत्यल्प : आकडेवारीचा अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सिझेरियनचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक असण्याचे समर्थन करता येत नाही, असे मत मांडले होते. २०१५ मधील निवेदनात संघटनेने भूमिका अधिक स्पष्ट केली. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास माता व नवजात मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. तथापि विशिष्ट आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला ही सेवा मिळावी यासाठी प्रयत्न व्हावेत, असे तीत नमूद आहे.

भारतात हे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के, २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के होते. पाचव्या पाहणीत सरकारी संस्थांतील प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांतील ४७.४ टक्के होते. राज्याराज्यांतील अंतर याहून मोठे आहे. तेलंगणात ६०.७ टक्के, तमिळनाडूत ४४.९ टक्के, गोव्यात ३९.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. बिहारमध्ये हे प्रमाण ९.७ टक्के आणि नागालँडमध्ये केवळ ५.२ टक्के होते.

या आकड्यांवरून दोन विरुद्ध समस्या एकाच वेळी अस्तित्वात असल्याचे दिसते. एकीकडे गरज नसताना शस्त्रक्रिया होते, तर दुसरीकडे गरज असताना ती मिळत नाही. राष्ट्रीय सरासरी या दोन्ही समस्या झाकून टाकते. खासगी क्षेत्रातील अधिक प्रमाणाचा संपूर्ण दोष डॉक्टरांच्या आर्थिक हेतूकडे देणेही अपुरे आहे. मातेचे वाढते वय, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, कळांची भीती, न्यायालयीन तक्रारींची धास्ती आणि प्रसूतीकक्षात दीर्घकाळ सोबत करणाऱ्या प्रशिक्षित प्रसाविकांची उणीव हीही कारणे आहेत.

प्रमाणाची तुलना न्याय्य व्हावी यासाठी रॉब्सन वर्गीकरण उपयोगी पडते. २००१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सर्व प्रसूतींची दहा गटांत विभागणी केली जाते. पहिलटकरीण आहे किंवा कसे, पूर्वीची शस्त्रक्रिया, गर्भाची संख्या व स्थिती, आठवडे आणि कळांची सुरुवात हे त्याचे निकष आहेत. जोखमीच्या माता मोठ्या संख्येने येणाऱ्या जिल्हा रुग्णालयात प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे. परंतु निरोगी, पूर्ण दिवस भरलेल्या पहिलटकरणींच्या गटातही ते फार अधिक असेल, तर तेथील निर्णयप्रक्रियेचे परीक्षण आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या वर्गीकरणाची शिफारस केली.

शासकीय उपाययोजना

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने संस्थात्मक प्रसूतीस रोख साहाय्याची जोड दिली. सरकारी तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास खासगी तज्ज्ञास पाचारण करण्यासाठी प्रति प्रसूती दीड हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूदही तीत होती. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने हा विचार हक्काच्या पातळीवर नेला. सरकारी संस्थेत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि घर ते रुग्णालय व परतीचा प्रवास विनामूल्य आहे. रुग्णालयातील आहार नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत, तर सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत विनामूल्य मिळतो. असे असूनही पाचव्या पाहणीत सरकारी संस्थेतील एका प्रसूतीमागे कुटुंबाचा स्वतःचा सरासरी खर्च २,९१६ रुपये होता. हक्क आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला ‘लक्ष्य’ उपक्रम प्रसूतीकक्ष व प्रसूती शस्त्रक्रियागृह यांच्या गुणवत्तेवर भर देतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नैसर्गिक प्रसूतीची जबाबदारी प्रशिक्षित प्रसाविकांवर सोपविल्यास तज्ज्ञांना जोखमीच्या मातांकडे लक्ष देता येईल, अशी त्यामागील भूमिका आहे. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मधील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. तिसऱ्या अपत्यासाठी ती १२ आठवडे राहिली. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या आहेत. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रियांपर्यंत मात्र अशी रजा पोहोचत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतील रोख साहाय्य ही उणीव काही अंशी भरून काढते.

सर्वांत कठीण प्रश्न मनुष्यबळाचा आहे. सिझेरियनसाठी प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठवणूक केंद्र एकाच ठिकाणी, चोवीस तास उपलब्ध असावे लागते. यातील एकही दुवा निखळला तरी संपूर्ण सेवा ठप्प होते. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ मध्ये ग्रामीण समुदाय आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत प्रसूतितज्ज्ञांची ७४.२ टक्के आणि बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के कमतरता होती. एमबीबीएस डॉक्टरांना तातडीची प्रसूती सेवा आणि जीवनरक्षक भूल यांचे अल्पकालीन प्रशिक्षण देण्याचा मार्ग शासनाने यासाठी अवलंबिला. परंतु प्रशिक्षित डॉक्टरांची नेमणूक नेमक्या केंद्रांत होणे आणि ते तेथे टिकणे ही त्याच्या यशाची पूर्वअट आहे.

समारोप

सिझेरियनचे प्रमाण वाढले म्हणून प्रगती झाली, असे म्हणता येत नाही आणि ते घटविले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. गरोदरपणातील रक्तक्षयावर वेळीच उपचार होणे, जोखीम आधी ओळखली जाणे, स्त्रीची माहितीपूर्ण संमती घेतली जाणे, गरजेच्या क्षणी शस्त्रक्रिया उपलब्ध असणे आणि घरी परतल्यावर सहा आठवड्यांची विश्रांती व देखरेख मिळणे या पाच बाबी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. धोरणाचे मूल्यमापन करताना जिल्हावार व गटवार आकडेवारी तपासणे आणि बेचाळिसाव्या दिवशी माता व बालक कोणत्या अवस्थेत आहेत, याची नोंद घेणे आवश्यक आहे. त्या नोंदीतूनच माता मृत्यू प्रमाण ७० च्या खाली आणण्याच्या लक्ष्याकडे कोणता जिल्हा पुढे जात आहे आणि कोणता मागे राहिला आहे, हे स्पष्ट होईल.